गोळी चालू ठेवून जोडीला काय काय करता येतं

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही घरात मानसिक आजार शिरला, की डॉक्टरची पाळी बहुतेक वेळा शेवटी येते. आधी घरातली म्हातारी दृष्ट काढते. मग कुणीतरी देवरशाचं नाव सुचवतं, मग नरसोबावाडी, चिंचली, सौंदत्ती. तोवर शेजारच्या काकूंनी अश्वगंधाची बाटली आणून ठेवलेली असते आणि पुण्यातल्या भाच्यानं प्राणायामाचे व्हिडिओ पाठवलेले असतात. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी हातात पडते, गोळ्या सुरू होतात आणि घरात नवा पेच उभा राहतो. बाकीचं सगळं आता बंद करायचं की काय? आणि डॉक्टरला त्यातलं किती सांगायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. यातल्या बहुतेक गोष्टी बंद करायची गरज नसते. दोन अटी मात्र आहेत: गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही, आणि जोडीला जे चाललंय ते डॉक्टरपासून लपवायचं नाही. एवढं पाळलं नाही तर साधी निर्जळी एकादशीसुद्धा काही रुग्णांना थेट इस्पितळात पोचवू शकते. ते कसं, ते पुढे येईलच.

पहिलं काम: निदान, आणि तेही एका ठिकाणी

काय झालंय हेच ठाऊक नसताना उपाय जोडत बसण्यात अर्थ नाही. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस उदास, सुस्त होतो. बी-12 कमी असलं, रक्त कमी असलं तरी थकवा येतो, विसरायला होतं, चिडचिड होते. म्हणून पहिल्या भेटीतच या तपासण्यांबद्दल विचारा.

बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. बेळगावहून ऐंशीएक किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही खास मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे. तालुक्याच्या इस्पितळात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची पद्धत कर्नाटकात सुरू झाली. जाण्याआधी आपल्या तालुक्यातला वार तेवढा विचारून घ्या, फेरा वाचेल. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, तर अथणी-रायबागकडची मंडळी मिरज गाठतात.

सीमाभागातली एक खास अडचण इथेच सुरू होते. मराठीत मनमोकळं बोलता यावं म्हणून माणूस कोल्हापूरला दाखवतो, आणि गोळ्या संपल्या की जवळ म्हणून बेळगावच्या डॉक्टरकडून दुसरी चिठ्ठी आणतो. दोन्हीकडे औषध एकच, कंपनी वेगळी, म्हणून पाकिटावरचं नाव वेगळं. घरात दोन्ही पाकिटं चालू राहतात आणि डोस दुप्पट होतो. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते जुळवून बघा. आणि भाषेसाठी डॉक्टर बदलण्याआधी हेही लक्षात घ्या, की बेळगावच्या दवाखान्यांत मराठी समजणारी परिचारिका किंवा समुपदेशक बहुधा सापडते. मागायला लाजू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. 14416 हा नंबर, फुकट, दिवसरात्र, आणि मराठी व कन्नड दोन्हींत बोलता येतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती देशभर चालू आहे.

पिशवी भरा

डॉक्टरकडे जाताना घरात रुग्णाच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू एका कापडी पिशवीत घालून न्या. काढा, चूर्ण, आसव, होमिओपॅथीच्या साबूदाण्यासारख्या गोळ्या, सांधेदुखीची पुडी, वजन वाढवायची पावडर, सगळं. तोंडी सांगताना निम्मं विसरतं आणि उरलेलं सांगायची भीड वाटते. टेबलावर पिशवी उपडी केली की ती भीड राहत नाही.

डॉक्टर वैतागतील अशी भीती असते, आणि खोटं कशाला बोला, काही वैतागतातही. "हे सगळं बंद करा" एवढंच ऐकून माणूस घरी येतो आणि पुढच्या वेळेपासून लपवायला लागतो. तेव्हा प्रश्न नेमका विचारा: "यातलं कुठलं या गोळीबरोबर चालणार नाही?" याला डॉक्टर सहसा नेमकं उत्तर देतात.

पोटात जाणारं वेगळं, न जाणारं वेगळं

नव्या माणसाला मी हीच एक विभागणी करायला सांगतो. जे पोटात जातं ते औषधच, मग ते झाडपाल्याचं असो की प्रसादाचं. त्याचा गोळीशी संबंध येणारच. जे पोटात जात नाही, म्हणजे योगासनं, भजन, चालणं, देवदर्शन, तेलमालिश, ते बहुतेक वेळा निर्धोक असतं. तिथे झोप, जेवण आणि पैसा या तिघांवर लक्ष ठेवलं की पुरतं.

पोटात जाणाऱ्यांतली आपल्याकडे नेहमी दिसणारी काही औषधं घेऊ.

सर्पगंधा. तिच्या गुणाबद्दल शंका नाही. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवर सर्पगंधेचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला, आणि 1952 मध्ये तिच्यातून रेझरपिन वेगळं काढलं गेलं. मनाच्या आजारांवरच्या आधुनिक औषधांच्या सुरुवातीच्या काळात ते जगभर वापरलं गेलं. पण त्याच रेझरपिननं रक्तदाब उतरतो आणि काहींच्या मनावर उदासी चढते. म्हणजे नैराश्याच्या रुग्णाला "झोप लागेल" म्हणून सर्पगंधा वटी देणं उलटं पडू शकतं. कुणी दिली असेल तर नाव सांगून विचारा.

अश्वगंधा ताणावर आणि झोपेवर थोडीफार मदत करते असं काही अभ्यासांत दिसलंय. मात्र ती थायरॉइडवर परिणाम करते, झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढवू शकते, आणि क्वचित यकृताला त्रास झाल्याचंही नोंदलं गेलंय. गरोदरपणी घेऊ नये. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधामुळे आधीच थायरॉइड बिघडण्याची शक्यता असते, तिथे तर विचारल्याशिवाय नकोच.

ऑनलाइन मिळणारं 'सेंट जॉन्स वर्ट' हे नैराश्याच्या गोळ्यांबरोबर अजिबात नको. अंगात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीला जातं: ताप, थरथर, घाम, गोंधळ. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं.

भस्मांबद्दल सावध राहा. काही भस्मांत आणि रसौषधींत (पारा-धातूंच्या आयुर्वेदिक औषधांत) शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. शिशाची विषबाधा झाली तर चिडचिड, पोटदुखी, विसरभोळेपणा येतो, आणि घरच्यांना वाटतं मूळ आजारच वाढला. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांचं तर बोलायलाच नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळलेत, आणि स्टेरॉइडनं मूड वर-खाली होतो, झोप उडते. बाबाच्या चिलमीचा 'प्रसाद' यातच धरा. गांजानं भास-भ्रम वाढतात, ज्याला आधीच आवाज ऐकू येतात त्याला तर फारच.

होमिओपॅथीच्या गोळ्यांत सहसा औषधाचा अंश नगण्य असतो, म्हणून त्या गोळीशी भांडत नाहीत. त्यांनी मनाचा आजार बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. धोका एकच, त्यांच्या भरवशावर मूळ गोळी सोडणं.

आणि पंचकर्म. शिरोधारेनं बऱ्याच जणांना शांत वाटतं, झोप लागते. त्यात फारसं काही बिघडत नाही. वमन-विरेचन मात्र वेगळं प्रकरण. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार जातात, नुकतीच घेतलेली गोळीही जाते. हे करायचंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून, आणि शक्यतो आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात. बेळगावच्या शहापुरात केएलईचं तसं रुग्णालय आहे. वैद्याकडे जाताना पदवी बघायला संकोचू नका. आयुर्वेदात मानसरोग हा एम.डी.चा स्वतंत्र विषय आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. खरा वैद्य तुमची चालू चिठ्ठी आधी मागतो.

उपवास, जागर आणि वारी

आपल्या भागात याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर.

लिथियम घेणाऱ्यांनी नीट वाचा. लिथियम स्वतः एक क्षार आहे. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. साधारण 0.6 ते 1.0 ही कामाची पातळी, 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, म्हणजे फायदा आणि धोका यांत अंतर फार थोडं आहे. निर्जळी एकादशी, अळणी उपवास, नवरात्रातले नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, हे सगळं त्यांना वर्ज्य. हात जास्त थरथरणं, जुलाब-उलटी, तोल जाणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना.

वारीत यात आणखी एक भर पडते. उन्हात घाम, पाणी कमी, आणि गुडघे दुखले म्हणून कुणाकडून तरी घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधंही लिथियम चढवतात. दुखलंच तर काय घ्यायचं हे निघण्याआधी विचारून ठेवा. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी अंगातली उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते, तेव्हा टोपी-उपरणं आणि पाण्याची बाटली हाताशी असू दे. गोळ्या दिंडीच्या ट्रकमध्ये नकोत, खांद्यावरच्या पिशवीत हव्यात. ट्रक मुक्कामी पोचतो तोवर रात्रीच्या गोळीची वेळ टळून गेलेली असते.

उपवास सोडवत नसेल तर फळं, ताक, भगर, शेंगदाण्याची आमटी खाऊन करा, आणि गोळी चुकवू नका. ल्युरासिडोनसारखी मनोविकाराची गोळी पोटभर जेवणाबरोबर घेतली तरच नीट अंगी लागते, हेही विचारून घ्या. रोजे ठेवणाऱ्यांनी रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्याव्यात; बऱ्याच गोळ्या सहेरी-इफ्तारला बसवता येतात.

जागराचं बायपोलर आजाराशी, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी येणाऱ्या आजाराशी, वाकडं आहे. एक-दोन रात्री झोप बुडाली की काहींचा मूड चढायला लागतो: बोलणं वाढतं, पैसे उधळले जातात, झोपेची गरजच वाटत नाही. गोंधळ, जागरण, जत्रेतली रात्र, नवरात्रातली पहाटेची दौड, यांत भाग घ्यायला हरकत नाही, पण रात्री अकराला घरी आणि झोप पुरी. "देवाच्या कामात झोप कसली?" असं कुणी म्हणालंच, तर सरळ डॉक्टरचं नाव पुढे करा. घरातल्या सुनेनं एकटीनं वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

निपाणी भाग तंबाखूचा, म्हणून हेही लिहितो. विडी-सिगारेटच्या धुरानं ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही भास-भ्रमांवरची औषधं अंगातून लवकर निघून जातात. माळ घातली आणि त्याच दिवशी विडी सोडली, तर उत्तमच, पण त्याच डोसची पातळी आता वाढणार, गुंगी येणार. विडी सोडताय हे डॉक्टरला सांगा, ते डोस बसवून देतील. हा परिणाम धुराचा आहे, मळून खाल्लेल्या तंबाखूचा नाही. अर्थात त्या तंबाखूची भलामण करायचा इथे हेतू नाही.

देवरशी, देवस्थान आणि घरातली मोठी माणसं

देवळात जाण्यानं बरं वाटतं, हे नाकारून काही मिळत नाही. वाडीला घाटावर बसून, आरती ऐकून, चार माणसांत मिसळून घुसमट कमी होते. हरिपाठाला रोज ठरल्या वेळी जाणाऱ्या उदास माणसाला घराबाहेर पडायचं निमित्त मिळतं, आणि नैराश्यात तेच सगळ्यात अवघड असतं. डॉक्टरसुद्धा दिवसाची घडी बसवा, माणसांत जा, हेच सांगतात.

मोठ्यांशी बोलताना "हे सगळं थोतांड" असं सुरू केलं की दार बंद. त्यापेक्षा असं बोलून बघा: "अक्का, अंगारा लाव की, कोण नको म्हणतंय. खरं गोळी बी चालू राहू दे." चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितलेत, दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय, म्हणजे देवाचं, औषधाचं आणि मनाला आवर घालण्याचं. जुन्या माणसांना हे पटतं, कारण एकाच्या जागी दुसरं घ्या असं तिथे म्हटलेलं नाही. गुजरातेत उनावाच्या मीरादातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावानं हेच केलं गेलं. दुआ मागायला आलेल्यांना तिथेच डॉक्टरही भेटू लागले.

पण काही गोष्टी दिसल्या की तिथून उठायचं. गोळ्या बंद करा असं सांगणारा. मारणारा, चटके देणारा, मिरचीची धुरी देणारा, उपाशी ठेवणारा. साखळी लावणारा. रुग्ण बाईला एकटीला आत बोलावणारा. दर फेरीला रक्कम वाढवणारा, आणि करणी कुणी केली म्हणून भावकीतल्याचं नाव घेणारा; त्यानं आजार राहतो बाजूला आणि बांधावरचं भांडण सुरू होतं. तमिळनाडूत एरवाडीला 2001 साली साखळदंडानं बांधलेले 28 रुग्ण आगीत जळून गेले. 2017 च्या कायद्यानं मानसिक रुग्णाला साखळी लावायला साफ मनाई आहे. कर्नाटकाचा जादूटोणाविरोधी कायदाही 2017 चाच, अंमल 2020 पासून, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे.

योग आणि ध्यान, कुठवर

नैराश्य आणि चिंता यांत गोळी-समुपदेशनाच्या जोडीला योगाचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत त्यावर बरंच काम झालंय. सुरुवात साध्या आसनांनी, हळू श्वसनानं, अनुलोम-विलोमनं करा, आणि शिकवणाऱ्याला आजाराची कल्पना द्या. कपालभाती, भस्त्रिकेसारखे जलद प्रकार पॅनिकच्या (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या) झटक्यांत, उन्मादात किंवा फिट येणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करू नयेत. जलद श्वासानं छातीत धडधड होते, आणि पॅनिकवाल्याला झटकाच आला असं वाटतं.

दहा दिवसांच्या विपश्यनेला जायचा मोह अनेकांना होतो, हातकणंगल्याजवळ आळत्याला केंद्रही आहे. त्यांच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. ते लपवू नका. दहा दिवसांचं मौन आणि तासन्‌तास ध्यान हे गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी नाही, असं केंद्रवालेच सांगतात. घरी दहा-पंधरा मिनिटं बसण्याला मात्र कुणाची ना नाही.

खर्च नको असेल तर सकाळी अर्धा तास भरभर चाला. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, त्यावरही तोच उपाय.

एका वेळी एकच, आणि वहीत नोंद

अश्वगंधा, योगवर्ग आणि नवस एकाच आठवड्यात सुरू केले, तर पुढे फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गोळीला आधी वेळ द्या. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी. ती घडी बसली की एक गोष्ट जोडा आणि महिनाभर तीच ठेवा. शाळेच्या वहीत रोज एक ओळ पुरते: किती तास झोप, जेवण कसं, मन कसं, गोळी घेतली का. "गोळी घेते खरं, दिवसभर झोपच लई येते" हे वाक्यसुद्धा तारखेसह लिहून ठेवलं तर डॉक्टरच्या कामाला येतं. महिन्याभरात वहीत काहीच फरक दिसला नाही, तर जोडलेली गोष्ट सोडायला लाजू नका.

मरणाचं बोलणं, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसणं, खाणंपिणं तोडणं, कुणाला मारण्याचे आवाज ऐकू येणं, अशा वेळी काढा, अंगारा, ध्यान सगळं बाजूला. 108 ची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट बिम्स-केएलईच्या तातडीच्या विभागात न्या. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

बरं वाटायला लागल्यावर

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते. तीन महिन्यांत माणूस हसायला-बोलायला लागतो, घरचे नवस फेडायला निघतात, आणि येताना ठरवून येतात की आता देवीनं बरं केलं, गोळी कशाला? नैराश्याच्या पहिल्या झटक्यात बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलरमध्ये त्याहून बरीच जास्त. अल्प्राझोलॅम-क्लोनाझेपॅमसारख्या चिंतेच्या-झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. तेव्हा नवस फेडा, भंडारा उधळा, परडी भरा, आणि निघण्याआधी डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या: डोस कधीपासून कमी, किती आठवड्यांनी किती. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू दे. रुग्णाच्या एकट्याच्या खिशात नको. जत्रेला चार दिवस लागणार असतील तर आठ दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्या.